घरातला खोकला

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा मी त्या काळ्या फिल्मकडे बघितलंच नाही. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या भुवया जवळ आल्या आणि माझे पाय गार पडले. एप्रिल महिना होता, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि माझे पाय गार.

"डाव्या बाजूला डाग आहे," ते म्हणाले. "टीबी आहे. बरा होतो. घाबरू नका."

या सगळ्यातला मला एकच शब्द ऐकू आला. माझी मुलगी नंदू तेव्हा चार वर्षांची होती. मी गेल्यावर तिच्या वेण्या कोण घालील, हा विचार मी त्या स्टुलावर बसूनच करून टाकला. 'बरा होतो' हे ऐकू यायला मला पुढचे आठ दिवस लागले. आज ज्यांच्या हातात एक्स-रेचं ते मोठं खाकी पाकीट आलं असेल, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की डॉक्टर 'बरा होतो' असंही म्हणाले होते. ऐकू आलं नसेल तर परत जाऊन विचारा.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला जुना खोकला आहे का?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

"आणि कामाच्या ठिकाणी?"

"आहे. एक बाई आहे."

दोन्ही उत्तरं मी ताडकन दिली. विचार करायला क्षणभरही थांबले नाही. टीबी माझ्या छातीतून वर्षा-दीड वर्षात गेला. या दोन उत्तरांचं मात्र मला अजून काही करता आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती बाई

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, उस्मानाबादहून ट्रकनं आलेले फायलींचे गठ्ठे, आणि बसायला खुर्च्या कमी. अशाच एका कचेरीत मी कारकून होते. कोणत्या ते सांगत नाही. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. कचेरीचा नळ नुसता फुसफुसायचा. टँकर आला की पाणी आणून रांजण भरायला एक बाई रोजंदारीवर लावली होती. तिचं नाव धुरपताबाई.

चाळिशीची, काटक, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर एक. ती बौद्ध होती. हे कोणी मोठ्यानं सांगितलं नाही, पण पहिल्याच दिवशी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या टेबलांना ठाऊक झालं होतं. दोघा-तिघांनी कुरकुर केली, रांजणाला हात लावणार म्हणून. पण दुष्काळ होता. दोन वाजेपर्यंत घसा कोरडा पडला आणि कुरकुर बंद झाली.

मी लिंगायत. आमच्यात जातपात मानत नाहीत, असं आमच्या घरी फार अभिमानानं सांगतात. मीही सांगायची, आणि खरंच तसं समजायचीही. फक्त माझा पेला मी ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायची. धुरपताबाईनं तांब्या उंच धरून वरून धार सोडायची आणि मी खाली पेला धरायचा. धार पेल्यात पडली पाहिजे, तांब्या पेल्याला लागला नाही पाहिजे. याला मी स्वच्छता म्हणत होते. साहेबांच्या शिपायानं, तंबाखूच्या हातानं, त्याच पेल्यात पाणी दिलं तर मी ते निमूट पीत होते. तेव्हा स्वच्छता आठवत नव्हती.

धुरपताबाईला खोकला होता. व्हरांड्याच्या पार टोकाला ती खोकली तरी टाइपरायटरच्या खडखडाटातून मला ऐकू यायचं. "एऽ धुरपता, तिकडं जाऊन खोक," मी जागेवरून ओरडायची. ती पदर तोंडाला लावून खाली उतरायची.

त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कोण येणार? कोणी दिला हा रोग, हे मला कळलं होतं. भीतीचं असं असतं, की बोट दाखवायला कोणी मिळालं की घटकाभर ती कमी होते. मला त्या संध्याकाळी खरोखर जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी हेडक्लार्क बाबूंना बाजूला घेतलं. माझ्या आजाराचा एक शब्द काढला नाही. माझी नणंद लग्नाची होती, आणि 'सुनेला टीबी' हे कळलं असतं तर उदगीरपासून निलंग्यापर्यंत एकही स्थळ आमच्या दारात आलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "बाबूजी, त्या पाणीवालीला टीबी आहे. मला डॉक्टरांकडूनच कळलंय. सगळ्यांच्या पिण्याचं पाणी आहे."

दुपारी धुरपताबाईच्या घागरी रांजणाशेजारी रिकाम्या उभ्या होत्या. ती नव्हती.

कागद

आठवड्यानं ती आली. पायरीवर थांबली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली. मी तक्रार केली हे तिला कोणी सांगितलं, मला ठाऊक नाही. कचेरीत अशी गोष्ट लपत नसते.

तिनं कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या समोर उलगडून ठेवला. दवाखान्याचा कागद. थुंकी तीन वेळा तपासली, जंतू नाहीत. एक्स-रे साफ. खाली सही, जांभळा शिक्का, शिक्क्याची शाई जरा फिसकटलेली.

मी तो वाचला. आणि मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला वाटलं, यांना काय, यांचं कोणीतरी असतंच आत बसलेलं. घेतला असेल लिहून.

बाबूंनी कागद फायलीला लावला, पण तोवर पाण्याला दुसरी बाई लावली होती. धुरपताबाई गेली. मी टायपिंगला लागले.

त्या कागदावर माझा विश्वास बसला असता तर पुढचा प्रश्न आपोआप पडला असता. हिच्यात नाही, तर मग माझ्यात आला कुठून? शाळेतलं पोरही एवढा विचार करील. मी तीन महिने केला नाही. आणि त्या तीन महिन्यांत रोज सकाळी आमच्या देवघरात काय चाललं होतं, ते पुढं येईल.

छातीत पाणी

मी इंजेक्शनं चुकवली. हे सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. इंजेक्शन देणारा कंपाउंडर आमच्याच गल्लीत राहायचा आणि त्याची बायको सगळ्या गल्लीला बातम्या पुरवायची. म्हणून मी एक दिवस जायची, दोन दिवस टाळायची. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या. पाहुणे असले की डबाच उघडायची नाही.

जुलैत मला जिना चढवेना. डाव्या कुशीवर झोपलं की श्वास अडकायचा. डॉक्टरांनी पाठीवर बोटांनी वाजवून बघितलं आणि म्हणाले, छातीत पाणी झालंय, दाखल व्हा.

"गावात प्यायला पाणी न्हाई, आन् हिच्या छातीत पाणी," माझे मिस्टर म्हणाले. त्यांची ती पद्धत आहे, घाबरले की विनोद करायचा. मीही हसले आणि हसता हसता मला धाप लागली.

लातुरात दाखल झाले तर गावाला कळेल, म्हणून नांदेड ठरलं. तिथं माझी मावशी होती. घरी सांगितलं, मावशी आजारी आहे, तिच्या सेवेला जाते. एसटीत मी खिडकीशी बसले. नंदू माझ्या मागं रडेल म्हणून तिला न सांगता निघाले होते. अहमदपूर येईपर्यंत मी तोंडात पदर कोंबून बसले. परत ही वाट आपल्याला दिसणार की नाही, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात अठरा खाटा. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, आठला इंजेक्शन. इंजेक्शन एक दिवस उजव्या बाजूला, एक दिवस डाव्या. आठवड्यात बसायची सोय उरली नाही. पाठीत सुई घालून छातीतलं पाणी काढलं तेव्हा मी खाटेची दांडी इतकी घट्ट धरली, की सिस्टरनं नंतर माझी बोटं एक एक करून सोडवली. बाटलीत पिवळं पाणी जमलं होतं, भिजवलेल्या हरभऱ्याच्या पाण्यासारखं. ते बघून मला चक्कर आली.

नव्या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी मी मोरीत किंचाळले. रक्त चाललंय म्हणून भिंतीला धरून बसले. शेजारच्या खाटेवरची मुक्ताबाई धावत आली, बघून पोट धरून हसायला लागली. "मेली न्हाईस बाई. गोळीचा रंग हाय तो. म्या बी अशीच बोंबलले व्हते." ती इस्लापूरकडची होती, चार महिने मुक्कामी, वॉर्डातली सगळी खबर तिच्याकडं. पहिल्या दोन दिवसांत मी तिची जात शोधून काढायचा प्रयत्न केला. आडनाव विचारलं, देव विचारला, लग्नात काय करतात विचारलं. तिनं सगळ्याची उलटसुलट उत्तरं दिली आणि म्हणाली, "कामून इचारून राहिली? माझी भाकर खायची हाय का?" मग मी खरंच तिच्या डब्यातली भाकर खाल्ली, कारण त्या दिवशी मावशीचा डबा आला नव्हता आणि गोळ्यांनी पोटात आग पडली होती. ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी. त्या महिन्यातलं मला चव लागलेलं ते पहिलं जेवण.

दुपारी वॉर्डात सामसूम व्हायची. तेव्हा भीती यायची. दहा नंबरची बाई सोमवारी होती, गुरुवारी खाटेवर नवी चादर होती. सिस्टर काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. मी पांघरूण ओढून आपलीच नाडी मोजत बसायची.

खिडकी

तिसऱ्या रविवारी मिस्टर नंदूला घेऊन आले. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. माझी खाट खिडकीजवळ होती, खाली ओटा होता. ते तिला ओट्यावर बसवून फळं आणायला जाता जाता म्हणाले, "आईला दाखव काय काय येतं तुला."

मी गजांना धरून उभी. मुक्ताबाई माझ्या शेजारी. नंदू बारीक झाली होती. केस तिच्या आत्यानं कसेबसे बांधले होते.

"आई, मी अप्पाची पूजा करू?"

अप्पा म्हणजे माझे सासरे. अडतीचं दुकान होतं त्यांचं, लातूरच्या गोलाई बाजारात वजनदार माणूस. रोज सकाळी स्नान करून देवघरात बसायचे, नंदू मांडीवर. पूजेत कोणी येऊ नये म्हणून दार आतून लावलेलं. आजोबा-नातीचा तो तास आमच्या घरात कोणी मोडत नव्हतं. मला तर त्याचं कौतुकच होतं.

नंदूनं मांडी घातली. मातीचा चिमटा घेऊन कपाळाला भस्म लावलं. इष्टलिंग म्हणून डाव्या तळहातावर एक खडा ठेवला, तळहात डोळ्यांसमोर धरला, आणि डोळे बारीक करून पुटपुटायला लागली, "नमः शिवाय, नमः शिवाय."

मग ती खोकली.

खोटा खोटा खोकला होता, पण हुबेहूब. आधी घशात खरखर, मग पोटातून वर येणारे तीन लांब ठसके, खांदे हलवून. खड्याचा हात जरा बाजूला धरून. मग तिनं फ्रॉकचं टोक तोंडाला लावलं, टोक उलगडून आत बघितलं, आणि पटकन मुठीत दडवलं. पुन्हा डोळे मिटले. "नमः शिवाय."

तिला वाटत होतं, पूजा अशीच असते. खोकणं आणि कपड्यात बघणं हाही त्यातलाच एक भाग.

मुक्ताबाई आतापर्यंत हसत होती, ती थांबली. "बाई," ती म्हणाली, "म्हातारा फडक्यात काय बघून राहिला रोज?"

सहा वर्षं मी त्या घरात होते. सहा वर्षं तो खोकला रोज सकाळी त्या दारातून येत होता, मी चूल पेटवायच्या वेळी. तो मला ऐकू येत नव्हता असं नाही. तो खोकला नव्हताच माझ्या लेखी. तो अप्पांचा दमा होता, धान्याच्या धुळीचा, घरंदाज माणसाचा दमा. व्हरांड्याच्या टोकाचा खोकला मी टाइपरायटरच्या खडखडाटातून ओळखला होता आणि भिंतीपलीकडचा मला कळला नव्हता.

आणि माझी पोरगी रोज तासभर बंद खोलीत त्या मांडीवर बसत होती.

गजांच्या दोन बाजू

मिस्टर मोसंबी घेऊन आले. मी म्हटलं, "नंदूला लातूरला न्यायचं नाही. मावशीकडं ठेवा. आणि अप्पांना तपासा."

"कशाला?"

"टीबीसाठी."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "काय बोलायलीस? बापाला क्षयरोगी म्हनतीस? तो दमा हाय."

"मग दमा निघेल. तपासा."

"त्या पाणीवालीमुळं झालाय तुला. तूच सांगितलीस."

"तिच्यात नाही निघाला. तिनं कागद आणला होता."

"कधी?"

"तीन महिने झाले."

हे मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "लोक काय म्हनतील? सुनेनं सासऱ्यावर घातलं."

तेव्हा मला जो राग आला त्यानं माझी भीती काही काळ दबून गेली. श्वास पुरत नव्हता तरी मी ओरडले, की तपासलं नाही तर मी इथून उठून गोलाईच्या मधोमध उभी राहीन आणि घराण्याचं नाव घेऊन सगळं सांगेन. वॉर्डातल्या अठरा बायका ऐकत होत्या. ते मोसंबी ओट्यावर ठेवून निघून गेले. नंदूला मात्र मावशीकडं सोडून गेले.

तीन दिवस

डॉक्टरांनी नंदूच्या हातावर कातडीत बारीक सुई टोचली. तीन दिवसांनी बघायचं. जागा फुगली, लाल झाली, तर संसर्ग आहे.

आजारपणातले माझे सगळ्यांत वाईट दिवस हेच. माझ्या पाठीत सुई गेली तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते. मावशी रोज तिला खिडकीशी आणायची आणि मी म्हणायची, हात दाखव. पहिल्या दिवशी डास चावल्यासारखं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला समजावलं, की खाजवलं असेल तिनं. तिसऱ्या दिवशी मावशीनं तिला पूर्ण बाह्यांचा झगा घातला होता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मला तिथंच कळलं.

एक्स-रेच्या फोटोत छातीत गाठी दिसल्या. बालक्षय. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळं झाला का? ते म्हणाले, तुमच्या थुंकीत जंतू नव्हतेच, घरात दुसरं कोणीतरी आहे. मी विचारलं, तीन महिन्यांआधी कळलं असतं तर वाचली असती का? ते म्हणाले, असं तारखेवर बोट ठेवून सांगता येत नाही.

त्यांना येत नसेल. मला मात्र तो जांभळा शिक्का दिसत होता.

अप्पा

मिस्टरांनी घरी जाऊन चार दिवस तोंड उघडलं नाही. नंदूच्या फोटोची बातमी गेल्यावर उघडलं. अप्पांच्या थुंकीत जंतूच जंतू निघाले.

ते नांदेडला आले. वॉर्डात आले नाहीत, बाहेर ओट्यावर बसले, जिथं नंदूनं त्यांची पूजा केली होती तिथंच. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवलेला. रुमालाशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हातारे दिसत होते.

"दोन वरीस झाले, सूनबाई," ते खाली बघत म्हणाले. "उपरण्याला लाल लागायचं. म्हनलं, पित्त असंल. आपल्यात न्हाई असला रोग. त्या लोकांच्या वस्तीत असतोय तो, आपल्याकडं कसा यील, असं वाटायचं."

मला त्यांना खूप बोलायचं होतं. आठवडाभर मी शब्द जुळवून ठेवले होते. पण ते म्हणाले ते मी आधीच डॉक्टरांपुढं म्हणून बसले होते, त्यांच्याहून शुद्ध भाषेत.

"पोर मांडीवर असायची," ते म्हणाले, आणि मोठ्यानं रडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

जे कामाचं आहे ते

नंदूनं वर्षभर गोळ्या घेतल्या, गुळाच्या खड्यात घालून. आज तिची मुलं कॉलेजात आहेत. अप्पा बरे झाले आणि पुढं पुष्कळ जगले. नणंदेचं लग्न ठरलं, तेही आम्ही सगळं सांगितल्यावर. दोन स्थळं मोडली, तिसरं आलं. मी इतकं लपवलं होतं ते कशासाठी, याचं हसूही येत नाही.

गोळ्या चुकवू नका. लघवीचा रंग बघून घाबरू नका. दुपारी भीती वाटली तर शेजारच्या खाटेशी बोला. आणि डॉक्टर विचारतील, घरात कोणाला खोकला आहे, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. घरी जा, एक सकाळ गप्प बसा, कान देऊन ऐका, आणि मग सांगा.

रेणापूरच्या रस्त्यावर

डिसेंबरात मी कामावर परतले. पहिल्या दिवशी साहेबांना अर्ज दिला, की मी धुरपताबाईविरुद्ध सांगितलेलं खोटं होतं आणि टीबी मलाच होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, बाई, आता जागा भरली आहे. हेडक्लार्क बाबूंनी त्या दिवसापासून माझ्या टेबलावर चहा प्यायचं सोडलं.

धुरपताबाई रोजगार हमीच्या खडीवर आहे असं कळलं. रेणापूरच्या रस्त्याला. रविवारी मी गेले. उन्हात बायका ओळीनं बसलेल्या, पुढं दगडांचे ढीग, हातोड्यांचा आवाज. चालताना मला धाप लागत होती, आणि खरं सांगायचं तर पायही मागं ओढत होते. ती मला काय म्हणेल याची भीती होती. शिवी दिली तर बरं, असंही वाटत होतं.

तिनं बोटांना रबराच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मान वर केली.

"वळखलं का?" मी विचारलं.

"हाव. वरून पानी घेनाऱ्या बाई." आणि पुन्हा हातोडा.

मी उभ्या उभ्या बोलून टाकलं. "तुमचा कागद खरा होता. मी खोटा समजले. टीबी मलाच होता, आणि तो आमच्या घरातच होता. माझ्या सासऱ्यांना."

ती दगड फोडत राहिली. "लेकरू हाय का घरात?"

"आहे. चार वर्षांची. तिलाही झालाय. गोळ्या चालू आहेत."

हातोडा थांबला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. माझ्यावर दया येऊन तिचा चेहरा मऊ झाला असेल, अशी माझी अपेक्षा होती. तसं काही नव्हतं. ती चिडलेली होती.

"मंग मी काय सांगितलं व्हतं तुमाला?" ती म्हणाली. "कागद ठिवला तवा? बाई, माझ्यात न्हाई निघाला, तुमच्या घरी बगा, लेकराला जपा. सांगितलं व्हतं का न्हाई?"

मला काही आठवेना. कागदाच्या चार घड्या आठवत होत्या, शाई कुठं फिसकटली होती ते आठवत होतं. ती काही बोलली होती, हेच आठवत नव्हतं. आणि तिथं, त्या खडीवर, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की ही आता बनवून सांगते आहे.

मनात आलं ते मला स्पष्ट दिसलं. मी तिच्यासमोर खाली बसले, कपची टोचत होती तरी.

"म्हणाला असाल," मी म्हटलं.

"असाल न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "म्हनले व्हते."

आजूबाजूच्या बायकांनी हातोडे थांबवले होते. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला होता."